दांड्यावरच्या चपला

तक्त्यात सोळा ओळी होत्या. सोळाही भरल्या होत्या.

धोका, कारण, परिणाम, शक्यता, उपाय, उरलेला धोका. प्रत्येक ओळीला असे सहा रकाने. तुटलेली तार जमिनीवर पडलेली असताना यंत्रणेनं तिच्यात पुन्हा वीज सोडली, ही चौथी ओळ. मोबाइलचा टॉवर बंद पडल्यामुळे ‘थांब’ हा निरोप पोचलाच नाही, ही अकरावी. सोळावी माकडाची. ती माझे वरिष्ठ कल्याण सर यांनी हसत हसत लिहायला लावली होती, पण कारणाच्या रकान्यात काय लिहायचं यावर आम्ही अर्धा तास घालवला.

काम असं होतं. कुंभार पिंपळगावच्या बाजूला अकरा हजार व्होल्टची एक लाइन आहे, पिंपळगाव दोन नंबर. इतकी वर्षं तिच्यात वीज एकाच टोकानं यायची. आता तिचं दुसरं टोक शेजारच्या लाइनीला जोडलंय आणि मधे एक शहाणा खटका बसवलाय. वीज गेली की यंत्रणा स्वतः बघणार, कोणता भाग मेलाय. मग तीस सेकंदांत उलट्या बाजूनं वीज आणून तो भाग जिवंत करणार. कोणाला फोन नको, कोणी सायकल मारत जायला नको. सबस्टेशनमधल्या पॅनेलवर एक किल्ली आहे. ती ‘हाताने’वरून ‘आपोआप’वर फिरवली की झालं.

हे होताना कोण मरू शकतं ते आधी लिहून काढायचं, आणि चाचणी अशी आखायची की कोणी मरू नये, हे माझं काम. जुन्या जालन्यात एका धान्याच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. खाली पोती झटकली की वर तक्त्यावर धूळ बसते.

चाचणी मंगळवारी सकाळी अकराला होती. त्याआधी गुरुवारी मी लाइन बघायला गेले.

धोका क्रमांक १७, रकाना पहिला

लाइनवर तेवीस ठिकाणी हाताने चालवायचे खटके आहेत. खटका खांबावर वर असतो आणि त्याचा लोखंडी दांडा खाली, छातीच्या उंचीवर. दांडा वर असेल तर वीज चालू, खाली ओढला तर पुढचा भाग बंद. मी एकेक दांडा मोजत, फोटो काढत चालले होते. चौदाव्या दांड्याला चपला टांगलेल्या दिसल्या.

टायरच्या तळव्याच्या. डाव्या चपलेचा पट्टा निळ्या वायरनं बांधलेला. दांडा खाली होता. मी फोटोसाठी आणखी जवळ गेले.

“ओ बाई! हात नका लावू!”

मोसंबीच्या झाडाखालून एक म्हातारी उठली. दुर्गाबाई, बाग तिचीच.

“मी फक्त फोटो काढतेय, मावशी.”

“चपला दिसत न्हाईत का तुम्हाला? कचरू वर हाय.”

तीन खांब पुढं एक माणूस खरंच वर होता. दहा मिनिटांनी उतरला आणि अनवाणी पायांनी तापल्या मातीत उड्या मारत आला.

“काकू, कोन हाय ही? नवी मीटरवाली का?”

“मला काय माहीत. तुझ्या चपलांचा फोटू काढून राह्यली.”

“काढा, काढा. जावायानं दिल्त्या.” त्यानं चपला उतरवून पायात घातल्या आणि मगच दांडा वर ढकलला. आधी चपला, मग दांडा. तो क्रम त्यानं चुकवला नाही.

मी विचारलं, “परमिट घेतलं होतं?”

“मॅडम, परमिट म्हंजे सबस्टेशनला जा, सही घ्या, परत या. अठरा किलोमीटर. तोवर गाव मला खातंय. मी सबस्टेशनच्या शिवाजीरावांना फोन करतो. ‘शिवाजीराव, पिंपळगाव दोन, मी वर हाय.’ बस. ते बराबर ध्यान ठेवतात. अन् हितं चपला.”

“पाटी का नाही लावत? कंपनी देते ना, ‘माणसं काम करत आहेत’ अशी?”

“पाटी लावली अन् तशीच ऱ्हायली की लोक म्हनतात, इसरून गेला आसंल. चपला सोडून मानूस लांब जात न्हाई.”

“आणि तारांवर टाकून त्या जमिनीला जोडायची साखळी?”

“तिघांत एक हाय. आज अंगदकडं हाय.”

मी काडी घेतली आणि मातीत लाइन काढली. हे सबस्टेशन, हा तुमचा चौदावा दांडा, हे तुम्ही. आणि हे दुसरं टोक. मंगळवारपासून वीज इकडूनही येऊ शकते. तुम्ही इथं दांडा ओढला, चपला टांगल्या, पण यंत्रणेला चपला दिसत नाहीत. तिला एवढंच दिसतं की हा भाग मेलाय. ती त्याला जिवंत करणार.

कचरू त्या रेघेकडं बघत राहिला. मग त्यानं उकिडवं बसून बोटानं दुसऱ्या टोकापासून स्वतःपर्यंत रेघ पुन्हा ओढली.

“म्हंजे पाठीमागून.”

“हो.”

“आमाला कोनी सांगितलं न्हाई.”

“मी सांगतेय.”

तो उठला. इकडंतिकडं बघितलं. आवाज खाली आणला. “तुम्ही हे लिहिनार न्हाई ना कुठं? मी ठेकेदाराचा मानूस हाय. मागच्या साली भागवतला बिनपरमिट चढला म्हनून काढलं. एका दिवसात. चौदा वर्षं काम केल्तं त्यानं.”

परिणाम

(इथं एक शब्द लिहायचा असतो. तो मी लिहिला नाही, घरी गेले.)

पप्पा जाफराबादला लाइनमन होते. राजानंद साळवे. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी वीज गेली की ते घड्याळ बघतात.

“पप्पा, अजून चपला टांगतात.”

“टांगनारच.” त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला नाही. “कुठं?”

“पिंपळगावकडं.”

“मंग बराबर हाय. तिकडं मीच शिकवलं पोरांना. दोन वर्षं बदलीवर गेल्तो.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि आम्हा दोघांनाही एकच दुपार आठवली, हे मला कळलं.

मी सात वर्षांची होते. आईबरोबर त्यांचा डबा घेऊन शेतात गेले होते. पप्पा खांबावर होते आणि खाली जमीन अशी तापली होती, की मला चपलेतूनसुद्धा चटका बसत होता. मला वाटलं, हे उतरतील तेव्हा पाय भाजतील. म्हणून मी दांड्यावरच्या त्यांच्या चपला काढल्या आणि नेऊन खांबाच्या बुंध्याशी नीट जोडून ठेवल्या. बोटं खांबाकडं, म्हणजे उतरले की सरळ पाय घालता येतील.

मागून कोणीतरी शेतकरी आला. दांडा खाली, चपला नाहीत. कोणीतरी वर करायचा विसरला असेल, असं समजून त्यानं दांड्याला हात घातला. आई लांबून ओरडली म्हणून तो दचकला आणि थांबला. एवढंच झालं. पप्पांनी ते आयुष्यात कोणाला सांगितलं नाही. मला मारलंही नाही. त्या दिवशी ते घरापर्यंत चपला हातात घेऊन चालत आले.

“लिहू का, पप्पा?”

“काय लिहिनार?”

“चपलांचं.”

“लिही. पन मानसाचं नाव नको.”

धोका क्रमांक १७, पहिला मसुदा

*धोका:* लाइनवर माणूस असताना यंत्रणा दुसऱ्या टोकाने वीज सोडते. *कारण:* स्थानिक कर्मचारी परमिटऐवजी दांड्यावर चपला टांगतात. यंत्रणेला ही खूण कळत नाही. *परिणाम:* मृत्यू. *शक्यता:* ५. *उपाय:* चाचणीआधी तेवीस दांड्यांजवळ तेवीस माणसं. *उरलेला धोका:* २.

शेवटचा आकडा एक ते पाचमधला असतो. पाच असेल तर चाचणी होत नाही, आणि तो आकडा विश्लेषकाच्या, म्हणजे माझ्या, सहीशिवाय बदलता येत नाही. मला चाचणी व्हायला हवी होती. व्यवस्थित झाली तर त्या पट्ट्यातल्या दवाखान्याची वीज तीन तासांऐवजी तीस सेकंदांत येणार होती. म्हणून मी दोन लिहिलं.

कल्याण सरांचा फोन दहा मिनिटांत आला.

“मोनाली, तू अधिकृत तक्त्यात ‘चपला’ लिहिलंयस.”

“हो सर.”

“हा तक्ता वर जातो.”

“वर कोणी चपला घालत नाही का सर?”

ते हसले. सर वाईट माणूस नाहीत. माझ्या पहिल्या चाचणीच्या वेळी ते रात्रभर माझ्याबरोबर बसले होते. “हे बघ, पान तीनवर गृहीतक आहे. लाइनवरचा प्रत्येक माणूस परमिट घेऊनच चढतो. अकरा वाजता सबस्टेशनचं रजिस्टर बघायचं. कोरं असेल तर लाइन मोकळी.”

“रजिस्टर रोजच कोरं असतं.”

“मग नाव दे. आजच कळवतो. त्याला काढतील, धोका संपला. उपायाचा रकाना भरला.”

“नाव नाही माहीत.”

“नाव माहीत नाही, आणि चपलेचा पट्टा कोणत्या रंगाचा ते माहीत आहे?”

फोटो मी तक्त्याला जोडला होता.

धोका क्रमांक १७, दुसरा मसुदा

काढून टाकला. फोटोसकट.

सोळा ओळींवर सही केली. एक अट मात्र मागून घेतली, की चाचणीच्या वेळी मी सबस्टेशनमध्ये न बसता लाइनवर फिरेन. सर म्हणाले, “फिर. ऊन खा. बरोबर अंगदला घे, कायम नोकरीतला आहे तो, आणि दांड्याला हात लावायचा अधिकार त्याला आहे, तुला नाही.”

मग मी कचरूला फोन केला. हा फोन नीट लिहायला हवा, कारण तो कोणत्याच तक्त्यात नाही.

“कचरूभाऊ, मंगळवारी अकरा ते बारा कोणी वर जायचं नाही.”

“बिलकुल न्हाई.”

“आणि तुमचं नाव मी कुठं लिहिलेलं नाही.”

“उपकार झाले, ताई.”

“त्या दिवशी साहेब लोक गाड्या घेऊन फिरतील. जरा जपून. चपला-बिपला कोणाच्या नजरेला पडू देऊ नका.”

“समजलं,” तो म्हणाला. फोन ठेवून मला हलकं वाटलं होतं.

मंगळवार

१०:२० अंगदच्या मोटारसायकलवर पहिल्या दांड्यापासून सुरुवात. वर, मोकळा. दुसरा, वर, मोकळा.

१०:३५ कल्याण सर सबस्टेशनमधून बोलतात. रजिस्टर कोरं. शिवाजीराव ऑपरेटर किल्लीपाशी बसलेत. वरचे साहेब फोनवर जोडले जात आहेत.

१०:४४ कचरूला फोन. लागत नाही. पुन्हा. लागत नाही.

१०:५१ चौदावा दांडा. खाली.

चपला नाहीत.

“कोनी ठेवला हा खाली?” अंगद गाडीवरून उतरला. “काल वारं सुटल्तं, तवा बंद केला आसंल अन् गेला इसरून. तुमच्या कागदात सगळे दांडे वर पायजेत ना?”

“हो.”

“मंग करतो वर.”

त्यानं हातमोजे घातले. मी वहीत ‘१४’ लिहिलं. त्याच्यापुढं ‘वर, मोकळा’ असं आधीच लिहून टाकलं, कारण तो वर करणारच होता आणि मला पुढं नऊ दांडे बघायचे होते.

“अरे ए अंगद! हात तोडून टाकीन!”

दुर्गाबाई झाडाखाली पाय पसरून बसली होती. ती उठली तेव्हा तिच्या खाली चपला होत्या. ती चपलांवर बसली होती. डाव्या पट्ट्याला निळी वायर.

“कचरू वर हाय,” ती म्हणाली.

अंगदनं हात असा मागं घेतला, जणू दांडाच तापलेला होता. “आगं मंग चपला कुठं हायेत त्याच्या?”

“ह्या काय. म्हनला, काकू, आज टांगायच्या न्हाईत, दडवून ठेव. मॅडमनी सांगितलं म्हनला.” तिनं माझ्याकडं बोट केलं. “ह्याच त्या मॅडम.”

गावात लग्न होतं, पाण्याची टाकी रिकामी होती, मोटारीच्या बाजूची तार जळाली होती. अकराच्या आत होतंय म्हणून तो दहाला चढला होता. हे सगळं ती सांगत होती आणि मी ऐकत नव्हते. अंगद म्हणाला, “वाचला बाबा. दांडा खालीच हाय,” आणि खाली बसला. त्याला वाटलं, संपलं. त्याला माहीत असलेली वीज या दांड्यातूनच येत होती.

१०:५६. सरांना फोन. व्यस्त. ते वरच्या साहेबांशी जोडलेले. पुन्हा लावला. व्यस्त. ओरडून कचरूला ऐकू जाईना, वारा उलटा होता. अंगद पळत सुटला, पण खांब लांब होता. तक्त्याच्या शेवटच्या पानावर मीच लिहिलं होतं, चाचणी थांबवण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. कोणत्या नंबरवर, ते लिहिलं नव्हतं.

मी शिवाजीरावांच्या मोबाइलवर फोन लावला. कचरूनं दिलेला नंबर. पहिल्याच रिंगला उचलला गेला. वर्षानुवर्षं तो माणूस हा फोन पहिल्याच रिंगला उचलत आला होता.

“शिवाजीराव, पिंपळगाव दोन, मी वर हाय.”

माझ्या तोंडून तेच आलं. त्यांनी कोण, का, काही विचारलं नाही. “बराबर,” म्हणाले. मग मला खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मागून कल्याण सर, “अहो, किल्ली खिशात काय घालताय?”

कारण

कचरू उतरला, तापल्या मातीतून आला. अंगदनं त्याला वाटेत सगळं सांगितलं होतं.

“ताई, तुम्हीच म्हनल्या ना, नजरेला पडू देऊ नका.”

“हो.”

“मंग मी काय चुकलो?”

दुर्गाबाईनं चपला पदरानं पुसून त्याच्यासमोर ठेवल्या. अंगद दुसरीकडं बघत म्हणाला, “मला काय दिसलं न्हाई. मी आलोच न्हाई हिकडं.”

सरांचा फोन आला. आवाज शांत होता, म्हणजे ते फार चिडले होते. “थांबवलंस ते बरोबर केलंस. पण वरचे लोक फोनवर ऐकत होते, चाचणी आता शुक्रवारी. पंधरा मिनिटांत कारण लेखी हवं. नावासकट. या वेळी नाव लागेल, मोनाली.”

कचरूला ऐकू गेलं. तो चपला पायात न घालता तसाच उभा राहिला.

मी मोसंबीखाली बसले आणि फोनवर तक्ता उघडला.

धोका क्रमांक १७, तिसरा मसुदा

*धोका:* लाइनवर माणूस असताना लाइन मोकळी आहे असे समजणे.

*कारण:* या लाइनवर माणूस चढल्याची एक खूण वापरात होती. विश्लेषक मोनाली राजानंद साळवे यांना ती वयाच्या सातव्या वर्षापासून माहीत होती. त्यांनी ती तक्त्यातून काढली. नंतर एक फोन करून ती दांड्यावरूनही काढायला लावली. कोरे रजिस्टर आणि मोकळा दांडा, दोन्ही खोटे होते. दांडा खोटा त्यांनी केला.

*जबाबदार व्यक्तीचे नाव:* वरीलप्रमाणे.

*परिणाम:* या वेळी नाही.

*उपाय:*

इथं मी थांबले.

“कचरूभाऊ, उद्यापासून चपला पुन्हा टांगाल ना?”

त्यानं माझ्या हातातल्या फोनकडं बघितलं. “आता त्या कागदावर गेल्या न्हवं?”

“गेल्या. तुमचं नाव नाही गेलं.”

“नाव काय, चपला वळखतात मला.” त्यानं त्या पायात सरकवल्या. निळी वायर आवळली. दांडा वर ढकलला, आणि लग्नाच्या टाकीकडं निघून गेला. ‘टांगतो’ म्हणाला नाही. ‘टांगत न्हाई’ असंही म्हणाला नाही.

दुर्गाबाई दांड्याकडं बघत होती. वर, मोकळा.

“बाई,” ती म्हणाली, “आता मी काय बघायचं? चपला बघू का मानूस बघू? का काहीच न्हाई बघायचं?”

उपायाचा रकाना मी कोरा ठेवला. कोरा रकाना तक्ता स्वीकारत नाही. लाल चौकट येते. मी त्यात लिहिलं, ‘माहीत नाही.’ तेवढं त्यानं स्वीकारलं.

*उरलेला धोका:* ५.

सही केली आणि पाठवलं. पाच असेल तर शुक्रवारी चाचणी होत नाही. माझं नाव तक्त्यावरून काढून दुसऱ्या कोणाची सही घेतली तर होते.

फोन वाजायला लागला. कल्याण सर. मी उचलण्याआधी पुढच्या दांड्याकडं बघितलं, पंधराव्या. लांबून तो वर दिसत होता आणि मोकळा दिसत होता. मी चालायला लागले, जवळ जाऊन बघायला.